पहिला कॅमेरा कोणता घ्यावा?

(मोताळा येथे भरलेल्या आपल्या ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या संमेलनातील व्याख्यानांचे विषय बहुधा ठरलेले असतात. मुलींचे शिक्षण, विवाहातील खर्च, वसतिगृहाचा निधी यांवाचून वर्ष जात नाही, आणि जाऊही नये. यंदा कार्यकारी मंडळाने आम्हांस कॅमेऱ्याविषयी बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा काही वडीलधाऱ्यांच्या कपाळी आठी उमटली असल्यास नवल नाही. ज्या घरी कापूसवेचणीची मजुरी भागविताना जीव मेटाकुटीस येतो, त्या घरी ही चैन कशास, असे त्यांचे म्हणणे असणार. ते म्हणणे आम्ही बाजूस सारीत नाही. त्यापासूनच प्रारंभ करतो.

बऱ्यापैकी नव्या कॅमेऱ्यास भिंगासह आज पन्नास हजार रुपये सहज लागतात. २०२४-२५ च्या हंगामात केंद्र सरकारने सोयाबीनचा आधारभूत भाव क्विंटलमागे ४,८९२ रुपये ठरविला होता. म्हणजे एक कॅमेरा हा दहा क्विंटल सोयाबीन झाला, आणि तोही पूर्ण भाव पदरी पडला तर. आपल्या घरी एकरी किती पिकते याचा हिशोब ज्याचा त्याने मनात करावा. एवढे धान्य देऊन आणलेली वस्तू सहा महिन्यांनी कपाटात पडून राहिली, तर वडिलांचा राग अनाठायी म्हणता येणार नाही. असे कपाटात पडलेले कॅमेरे मोताळा व मलकापूर या दोनच गावांत आम्ही इतके पाहिले आहेत, की त्यांचे दुकान थाटता यावे.

तरुण मंडळी आम्हांस विचारतात, "काका, मेगापिक्सेल किती असावेत? झूम किती असावा? कंपनी कोणती चांगली?" हे प्रश्न चूक नाहीत, पण ते दुसऱ्या दिवशी विचारावयाचे आहेत. पहिल्या दिवशीचा प्रश्न असा, की तू कशाचे छायाचित्र काढणार आहेस? सोयरीक ठरविताना आपण आधी मुलगा काय करतो हे विचारतो, मोटारसायकल कोणती हे मागून विचारतो. (निदान पूर्वी तरी हा क्रम होता.)

कशाचे छायाचित्र काढावयाचे, याचे एक उत्तर आमच्यापाशी आहे, आणि ते या स्मरणिकेच्या पानांतूनच आम्हांस मिळाले आहे. स्मरणिकेच्या कामात आम्ही काही वर्षे हातभार लावीत आलो आहोत. वर्षभरात दिवंगत झालेल्या सभासदांचे श्रद्धांजलीचे पान तीत नेमाने असते. त्या पानासाठी घरोघरून छायाचित्रे मागवावी लागतात. पुरुषांचे एखादे चित्र बहुधा मिळते. ते नोकरीच्या ओळखपत्राचे असते, सत्काराच्या वेळचे असते, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतील पत्रकावरचे असते. स्त्रियांचे काय येते? आधार कार्डावरील चित्र मोठे करून आणलेले असते, नाही तर नातवाच्या लग्नातील समूहातून कातरून काढलेला चेहरा असतो, आणि त्याच्या खांद्यावर दुसऱ्या कोणाची तरी बोटे तशीच राहून गेलेली असतात. साठ वर्षे एका घरात नांदलेल्या, त्या घराची भाकर थापलेल्या बाईचे एक नीट चित्र त्या घरात नसावे! चार-चार मोबाइल खिशांत असताना ही अवस्था आहे. मोबाइलमध्ये आजीची चित्रे नसतातच असे नाही. परंतु तो मोबाइल विहिरीत पडतो, मोडतो, विकला जातो, आणि मग नातू म्हणतो, "काका, जुन्या फोनमध्ये होता फोटो."

फिल्मच्या दिवसांत याला कारण होते. बडोद्यास तयार होणारा आग्फा क्लिक थ्री हा पेटीसारखा कॅमेरा आपल्याकडील पुष्कळांच्या आठवणीत असेल. त्यात एका रोळात बारा चित्रे निघत. रोळ विकत घ्यावयाचा, धुवावयास तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी द्यावयाचा, मग प्रती काढवावयाच्या. बारांतील एक चित्र चुलीपाशी बसलेल्या आजीवर कोण खर्च करणार? आता चित्रागणिक खर्च नाही. १९७५ साली अमेरिकेत कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा जुळविला. त्याचे वजन सुमारे ३.६ किलो होते, आणि अवघ्या दहा हजार बिंदूंचे एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरावयास २३ सेकंद लागत. आज साध्या कॅमेऱ्यात दोन कोटी चाळीस लाख बिंदूंचे चित्र डोळ्याचे पाते लवते न लवते तोच उमटते. तेव्हा रोळ नाही ही सबब संपली आहे.

म्हणून आमचे म्हणणे असे, की नवशिक्याने आपला पहिला कॅमेरा घरातील सर्वांत वडील माणूस त्याच्या नेहमीच्या जागी बसलेले असता नीट टिपता येईल, असा निवडावा. ही कसोटी भावनेची वाटेल. पण ती अगदी व्यवहाराची आहे. आपली जुनी घरे आठवा. माजघरास एक लहानशी खिडकी, स्वयंपाकघरात धुरकट भिंत, संध्याकाळी एखादा दिवा. वडील माणसे बसतात ती अशाच ठिकाणी. या उजेडात जो कॅमेरा चालेल, तो पोळ्याच्या बैलांनाही चालेल आणि लोणारच्या सरोवरासही चालेल. जो येथे फसेल, त्याच्या पेटीवर कितीही मेगापिक्सेल छापलेले असोत, त्यांचा उपयोग नाही.

मेगापिक्सेलचा भ्रम आधी दूर करू. श्रद्धांजलीच्या पानावरील चित्र दोन इंच रुंद व अडीच इंच उंच असते. छपाईस इंचामागे तीनशे बिंदू लागतात असे धरले, तर सहाशे गुणिले साडेसातशे, म्हणजे साडेचार लाख बिंदू झाले. अर्धा मेगापिक्सेलसुद्धा नाही. चार बाय सहा इंचांच्या प्रतीस सुमारे २.२ मेगापिक्सेल पुरतात. भिंतीवर लावावयाच्या आठ बाय बारा इंचांच्या तसबिरीस ८.६ पुरतात. कॅननचा १५००डी व निकॉनचा डी३५०० हे २०१८ चे कॅमेरे आणि कॅननचा २०२३ सालचा आर५० घ्या. तिघेही चोवीस मेगापिक्सेलच्या घरातले. म्हणजे या आकड्यावरून निवड करावयाची म्हटले, तर करताच येत नाही.

मग पाहावयाचे काय? दोन गोष्टी. पहिली, कॅमेऱ्याच्या पोटात प्रकाश टिपणारी जी पट्टी असते, तिचे आकारमान. तिला सेन्सर म्हणतात. पाऊस पडत असता अंगणात एक पेला ठेवला व एक परात ठेवली, तर तेवढ्याच वेळात परातीत पाणी अधिक साठणार, हे लहान मुलासही कळते. प्रकाशाचेही तसेच आहे. खिशात मावणाऱ्या साध्या कॅमेऱ्यांत ही पट्टी बहुधा सुमारे ६.२ गुणिले ४.६ मिलिमीटर असते. भिंग बदलता येणाऱ्या, नवशिक्यांसाठी केलेल्या कॅमेऱ्यांत ती सुमारे २३.५ गुणिले १५.६ मिलिमीटर असते. कॅननमध्ये किंचित लहान. क्षेत्रफळ काढून पाहा, तेरापट अंतर पडते. याहून मोठी, जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढी, ३६ गुणिले २४ ची पट्टीही मिळते. पण तिचा कॅमेरा आणि तिची भिंगे नवशिक्याच्या खिशास झेपत नाहीत, व झेपली तरी पहिल्या वर्षी तिचे चीज होत नाही. मधली पट्टी घ्यावी.

दुसरी गोष्ट भिंगाची, आणि आमच्या मते हीच अधिक महत्त्वाची. कॅमेऱ्याबरोबर जे भिंग येते ते बहुधा १८ ते ५५ मिलिमीटरचे असते. ते वाईट नाही. अंगणातील पंगत, राजूर घाटातील पावसाळी हिरवळ, देवळाचा उत्सव यांस ते उत्तम. परंतु चेहऱ्यासाठी ते ५५ वर नेले, की त्याचे छिद्र ५.६ या आकड्याहून मोठे उघडत नाही. येथे आकडा लहान म्हणजे छिद्र मोठे, हे उलटे गणित एकदा पाठ करावे लागते. याउलट ५० मिलिमीटर, १.८ छिद्राचे एक साधे भिंग मिळते. त्यात झूम नाही. चित्र मोठे हवे तर आपणच दोन पावले पुढे जावे. दिसावयास बुटके, नवशिक्या कॅमेऱ्याच्या मानाने बरेच स्वस्त, पण ५.६ च्या मानाने ते सुमारे दहापट प्रकाश आत घेते. दहापट म्हणजे काय, ते माजघरात कळते. एका दिव्याच्या उजेडात हात न हलता चित्र यावे म्हणून पडदा सेकंदाच्या साठाव्या भागापुरता उघडायचा ठरविला, तर पहिल्या भिंगाने आयएसओ ६४०० पर्यंत चढवावा लागतो, आणि चेहऱ्यावर रव्यासारखे कण दिसू लागतात. दुसऱ्या भिंगाने तेच काम ६४० वर होते. आजीच्या कपाळावरील गोंदण स्पष्ट उमटते. खोली अगदीच अरुंद असेल, तर ५० ऐवजी ३५ मिलिमीटरचे त्याच छिद्राचे भिंग घ्यावे, म्हणजे भिंतीस पाठ लागणार नाही.

म्हणून पन्नास हजारांचा कॅमेरा व त्यासोबतचे एकच भिंग घेण्यापेक्षा कॅमेरा थोडा हलका, जुना, वापरलेलाही चालेल, पण हे एक भिंग जोडीस असावे, असा सल्ला आम्ही देतो. वापरलेल्या कॅमेऱ्याविषयी संकोच धरू नये. कॅनन व निकॉन या दोन्ही कंपन्यांनी आपला कल आरसा नसलेल्या नव्या जातीच्या कॅमेऱ्यांकडे वळविल्यापासून आरशाचे कॅमेरे लोक विकीत सुटले आहेत, आणि त्यांची भिंगेही पुष्कळ फिरत आहेत. ज्यास शिकावयाचे आहे त्यास ही संधी आहे. मात्र डोळे उघडे ठेवून घ्यावा. पडदा किती वेळा उघडला याची नोंद कॅमेऱ्यात राहते, ती पाहावयास मागावी. नवशिक्या कॅमेऱ्यांच्या पडद्याचे आयुष्य साधारण एक लाख चित्रांचे धरतात. लग्नाच्या धंद्यात वापरलेला कॅमेरा तीन-चार हंगामांत तेथवर जाऊन पोहोचतो. भिंग उजेडासमोर धरून त्यातून आरपार पाहावे. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले, तर ती बुरशी आहे, तो सौदा सोडून द्यावा. निकॉनच्या डी३५०० सारख्या कॅमेऱ्यांत भिंग फिरविणारी मोटार नसते. म्हणून त्यास एएफ-डी जातीचे जुने स्वस्त भिंग लावले, तर नेम आपोआप साधत नाही. एएफ-एस असे लिहिलेले घ्यावे लागते. ही गोष्ट विकणारा बहुधा सांगत नाही.

नवा घ्यावयाचा झाला, तर बुलढाणा, अकोला किंवा जळगाव येथे जाऊन, हातात घेऊन पाहावा. काही हातांस मोठी मूठ लागते, काहींस लहान. हे चित्रावरून कळत नाही. आधी दोन-चार ठिकाणी भाव विचारावा, पक्की पावती घ्यावी, आणि हमीपत्र भारतात चालणारे आहे ना, एवढे पाहून घ्यावे. कॅमेरा म्हणजे काही जावई नव्हे, की एकदा पसंत केला म्हणजे जन्मभर सांभाळावा. पण भिंगांचे तसे नाही. एका कंपनीची भिंगे जमविली, की दुसरीकडे जाणे खर्चाचे होते. कंपनी कोणती हा प्रश्न येथे येतो, आणि त्याचे उत्तर असे, की तुमच्या आतेभावाकडे किंवा मित्राकडे जी असेल ती. भिंग उसने मिळते, आणि शिकवावयास माणूसही.

आता वेगळी आवड असणाऱ्यांविषयी थोडे. हिवाळ्यात नळगंगेच्या जलाशयावर पक्षी पाहावयास जाणारे आमचे काही तरुण मित्र आहेत. त्यांस माजघराचे भिंग पुरणार नाही. त्यांस दूरचे ओढणारे, निदान ३०० मिलिमीटरचे भिंग हवे, आणि त्यांनी त्याचाच हिशोब आधी करावा. ज्यांस लग्नाचे चित्रण हा व्यवसाय करावयाचा आहे, त्यांस मात्र आम्ही थोडे खडसावून सांगू. हप्त्यांवर महागडा कॅमेरा घेऊन धंद्यास प्रारंभ करू नये. धंद्यास एक कॅमेरा पुरत नाही. ऐन मंगलाष्टकांच्या वेळी तो बंद पडला, तर दुसरा लागतो, फ्लॅश लागतात, संगणक लागतो, आणि लग्ने वर्षाचे सारे महिने नसतात. हप्ता मात्र दरमहा असतो. एक हंगाम एखाद्या जाणत्या छायाचित्रकाराबरोबर सहायक म्हणून हिंडावे, त्याच्या पिशवीत काय असते ते पाहावे, मग ठरवावे.

आणि ज्यांच्यापाशी काहीच पैसे नाहीत, त्यांनी मोबाइल कमी लेखू नये. नवे मोबाइल एका झटक्यात अनेक चित्रे घेऊन त्यांचे एक करतात, म्हणून लहान पट्टी असूनही संध्याकाळी त्यांचे चित्र बरे येते. फक्त चेहरा गोरा व गुळगुळीत करणारी जी सोय त्यात असते, ती बंद करावी. वधूवर परिचयासाठी आलेल्या चित्रांत हा प्रकार आम्ही इतका पाहतो, की मुलगी पाहावयास गेलेली मंडळी भलत्याच घरी आलो की काय, अशी एकमेकांकडे पाहू लागतात. सहा महिने मोबाइलवर नेमाने चित्रे काढावी. त्यानंतर ज्यास "येथे हा अपुरा पडतो" असे नेमके बोट ठेवून सांगता येईल, त्याने कॅमेरा घ्यावा. ज्यास सांगता येत नाही, त्याने आणखी थांबावे. दहा क्विंटल सोयाबीन कोठे पळून जात नाही.

उजेडाची एक युक्ती फुकटची आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. वडील माणसास घराच्या उघड्या दारापासून दोन-तीन हात आत, सावलीत बसवावे, तोंड थोडे दाराकडे असावे. डोक्यावरील दिवा बंद करावा. समोरून फ्लॅश मारू नये. त्याने चेहरा पत्र्यासारखा चपटा दिसतो. नेम डोळ्यावर धरावा. पाच-सहा फुटांवर आपणही खाली बसावे, उभे राहून वरून काढू नये. आणि "हसा" म्हणू नये. कोणत्या तरी जुन्या लग्नाची, दुष्काळाची, माहेरच्या गावाची गोष्ट विचारावी, व ती सांगू लागली म्हणजे काढावे.

काढलेले टिकविण्याची गोष्ट राहिली. आपल्या भागास हे यंत्र फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, तीत डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांनी भाग घेतला होता. आपल्या जिल्ह्याच्या शेजारी अजिंठ्यास रॉबर्ट गिल नावाचा लष्करी अधिकारी १८४४ पासून लेण्यांतील चित्रांच्या रंगीत प्रती करीत बसला होता. पुढे त्याने कॅमेरा हाती घेतला, आणि अजिंठ्याबरोबर आपल्या लोणारच्या देवळांचीही छायाचित्रे काढली. १८७९ साली तो वारला. त्याची कबर भुसावळास आहे. त्याने वर्षानुवर्षे खपून केलेल्या रंगीत प्रती लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ठेवल्या होत्या. १८६६ च्या आगीत त्यांपैकी बहुतेक जळाल्या. छायाचित्रे मात्र १८६४ साली पुस्तकांतून अनेक प्रतींत निघाली होती. ती आजही पाहावयास मिळतात.

तेव्हा एकाच कार्डावर, एकाच मोबाइलमध्ये चित्र ठेवू नये. चोवीस मेगापिक्सेलचे चित्र साधारण दहा मेगाबाइट जागा घेते. चौसष्ट गिगाबाइटच्या कार्डात सहा हजारांवर चित्रे मावतात, आणि म्हणूनच ती कोणी उतरवून घेत नाही. ती संगणकावर उतरवावी, एक प्रत वेगळ्या डिस्कवर दुसऱ्या घरी, शक्य तर लेकीच्या घरी ठेवावी. निवडक चित्रांची कागदावर प्रत काढवावी, व तिच्या मागे शिसपेन्सिलीने नाव, माहेरचे नाव, गाव आणि साल लिहावे. कॅमेरा व भिंग पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह असावे. मे महिन्यात मोटारीत बंद करून ठेवू नये. आपल्याकडील उन्हात माणूस टिकत नाही, तेथे यंत्र काय टिकणार?

शेवटी कार्यकारी मंडळापुढे एक सूचना ठेवतो. प्रत्येक घराने दहा क्विंटल सोयाबीन मोडावे, अशी आमची मुळीच इच्छा नाही. मंडळाने वापरलेला एक कॅमेरा, ५० मिलिमीटर १.८ चे एक भिंग व दोन कार्डे विकत घ्यावी. ज्या सभासदाच्या घरी सत्तरीवरील माणूस आहे, त्या घरच्या मुलास किंवा मुलीस तो शनिवारी सायंकाळी देऊन सोमवारी परत घ्यावा. नोंदवही चिटणिसांकडे असावी. तीत नेणाऱ्याचे नाव, चित्र ज्यांचे काढले त्यांचे पूर्ण नाव व माहेर यांची नोंद व्हावी. परत घेताना भिंग उजेडासमोर धरून पाहावे, आणि चित्रे मंडळाच्या संगणकावर उतरल्यावाचून कार्ड पुसू नये. ज्यांस या निमित्ताने गोडी लागेल, त्यांनी पुढे स्वतःचा कॅमेरा अवश्य घ्यावा. मोताळा व आसपासच्या खेड्यांतील ऐंशीच्या पुढील सभासद व त्यांच्या पत्नी यांची यादी आम्ही सभासदपत्रिकेवरून तयार करून चिटणिसांच्या स्वाधीन केली आहे. तीत चाळीसांवर नावे आहेत. पेरण्यांच्या आधी तीच घरे प्रथम घ्यावी.